'रहा था' ही घरातली किल्ली
इंग्रजीतील चालू भूतकाळ : समज आणि वापर

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अशा प्रसंगी वक्त्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे, थोरामोठ्यांची उदाहरणे द्यावीत आणि खाली बसावे, असा प्रघात आहे. शिक्षणाचे महत्त्व तुम्हाला पटलेले नसते, तर धानाची कामे आणि बिडीचे सूप बाजूला ठेवून तुम्ही आज येथे आलाच नसता. म्हणून तो विषय मी सोडून देतो. त्याऐवजी इंग्रजीतला एकच काळ घेऊन तुमच्यापुढे उभा आहे. शाळेच्या पुस्तकात त्याला 'पास्ट कंटिन्युअस' किंवा 'पास्ट प्रोग्रेसिव्ह' म्हणतात, मराठीत आपण चालू भूतकाळ किंवा अपूर्ण भूतकाळ म्हणतो. एवढ्याशा गोष्टीसाठी व्याख्यान कशाला, असे वाटेल. या एवढ्याशा गोष्टीने आमच्या घराला काय शिकवले, ते आधी ऐका.

पुष्कळ वर्षांपूर्वीची हकीकत आहे. माझ्या थोरल्या आपाचे यजमान, म्हणजे आमचे दूल्हाभाई, सायकलवरून घरी येत असताना मुंबई-कोलकाता हमरस्त्यावर ट्रकच्या धडकेने जबर जखमी झाले. भरपाईचा अर्ज इंग्रजीत करावयाचा होता. घरात मॅट्रिक झालेला मी एकटा, तेव्हा ते काम माझ्याकडे आले. आपा शेजारी बसून रडत रडत सांगत होती, "वो सडक पार कर रहे थे, और ट्रक ने टक्कर मार दी." मी मोठ्या ऐटीत लिहिले, "ही क्रॉस्ड द रोड. द ट्रक हिट हिम." व्याकरणाची चूक एकही नव्हती. अर्ज परत आला. त्यावर शेरा होता : जखमी इसम रस्ता ओलांडून पलीकडे गेला होता, तर अपघात रस्त्यावर कसा झाला, याचा खुलासा करावा.

कार्यालयाचा काही दोष नव्हता. मी जे लिहिले, तेच त्यांनी वाचले. 'ही क्रॉस्ड द रोड' याचा अर्थ त्याने रस्ता ओलांडला. काम पुरे झाले, माणूस पलीकडे पोचला. आपा सांगत होती त्याचा अर्थ मात्र असा होता की, माणूस रस्त्याच्या मधोमध होता, ओलांडणे अजून पुरे झालेले नव्हते. लिहायला हवे होते, "ही वॉज क्रॉसिंग द रोड व्हेन द ट्रक हिट हिम." खुलासा करण्यात, खेटे घालण्यात चार महिने गेले. त्या चार महिन्यांत आपाच्या घरची चूल कशी पेटत होती, हे मी पाहिले आहे. तेव्हापासून हा काळ मला केवळ परीक्षेचा विषय वाटत नाही.

आता मूळ गोष्ट समजून घ्या. चालू भूतकाळ म्हणजे मधोमध पकडलेले काम. भूतकाळातला एखादा क्षण डोळ्यांसमोर आणा. त्या क्षणी एखादे काम सुरू झालेले आहे, पण संपलेले नाही. ते काम सांगण्यासाठी हा काळ आहे. म्हणून मला 'चालू' या नावापेक्षा 'अपूर्ण' हे नाव अधिक चांगले वाटते. लग्नातला फोटो आठवा. फोटोत कोणाचा घास हातात आहे, कोणी पाणी वाढतो आहे, कोणी तोंड फिरवून बोलतो आहे. घास पुढे तोंडात गेला की नाही, हे फोटो सांगत नाही. साध्या भूतकाळात त्या दिवशीचा सगळा हिशेब येतो : पाहुणे आले, जेवले, गेले. चालू भूतकाळ त्यातला एक क्षण दाखवतो.

त्याची बांधणी सोपी आहे. आधी 'वॉज' किंवा 'वेअर', आणि नंतर क्रियापदाला 'इंग' हे शेपूट. 'आय वॉज रीडिंग', मी वाचत होतो. 'दे वेअर रीडिंग', ते वाचत होते. आपली मुले पुष्कळदा 'आय वॉज रीड' असे लिहितात, नाहीतर 'आय रीडिंग' असे लिहितात. त्यांना रागावू नका, मराठीचे उदाहरण द्या. 'वाचत होतो' यात दोन तुकडे आहेत, 'वाचत' आणि 'होतो'. 'मी वाच होतो' असे कोणी म्हणते काय? 'मी काल वाचत' एवढेच म्हणून कोणी थांबते काय? 'वाचत'मधला 'त' म्हणजे इंग्रजीतले 'इंग', आणि 'होतो' म्हणजे 'वॉज'. दोन्ही बैल जुंपल्याशिवाय बंडी चालत नाही.

'वॉज' कोठे आणि 'वेअर' कोठे? आय, ही, शी, इट आणि कोणतेही एकवचनी नाव यांच्यापुढे वॉज. वी, यू, दे आणि अनेकवचन यांच्यापुढे वेअर. मराठीत होतो, होते, होतास, होतीस, होता, होती, होत्या अशी लांबलचक रांग आहे, आणि ती तुम्ही लहानपणीच, कोणी न शिकवता आत्मसात केली. इंग्रजीत दोनच रूपे आहेत, आणि मुलगा की मुलगी हा भेदही नाही. मग भ्यायचे कशाला?

'यू' एका माणसाला म्हटले तरी 'वेअर' का लागते, असे विद्यार्थी विचारतात. प्रश्न योग्य आहे. 'यू' हा शब्द मुळात अनेकवचनी. 'तू' साठी इंग्रजीत 'दाउ' असा वेगळा शब्द होता. पुढे आदराने एका माणसालाही 'यू' म्हणू लागले, आणि 'दाउ' हळूहळू बोलण्यातून गेला. म्हणजे इंग्रजीने 'तू' टाकला आणि 'आप' ठेवला. आपण अब्बांना 'आप कहाँ थे' म्हणतो, 'था' म्हणत नाही. त्याच अदबीने इंग्रज धाकट्या भावालाही 'यू वेअर' म्हणतो.

नकार करावयाचा तर वॉज किंवा वेअर यांच्यापुढे 'नॉट' ठेवा : 'ही वॉज नॉट स्लीपिंग'. प्रश्न करावयाचा तर वॉज किंवा वेअर उचलून कर्त्याच्या आधी आणा : 'वॉज ही स्लीपिंग?' 'व्हॉट वेअर यू डूइंग?' येथे आपली गाडी घसरते. मराठीत 'तू काय करत होतास' यात 'तू' आधी येतो, म्हणून मुले 'व्हॉट यू वेअर डूइंग' म्हणतात. मुलाखतीत असे बोलले की समोरचा समजतो, पण मनात एक रेघ ओढतो. आणि या काळात 'डिड' कोठेही आणू नका. 'डिड' साध्या भूतकाळाचा नोकर आहे, तो या घरी काम करत नाही.

लिहिताना शेपूट जोडण्याचे तीन नियम ध्यानात ठेवा. 'राइट', 'कम' अशा शब्दांच्या शेवटी न उच्चारला जाणारा 'ई' असतो, तो 'इंग' लागताना गळतो. 'रन', 'सिट' अशा छोट्या शब्दांचे शेवटचे अक्षर दुप्पट होते. 'डाय', 'लाय' यांच्या शेवटचे 'आय-ई' जाऊन तेथे 'वाय' येतो. एवढे सांभाळले की बहुतेक शब्द बरोबर येतात.

आता वापर. मुख्य वापर तीन आहेत.

पहिला, ठरावीक वेळी काय चालले होते ते सांगणे. 'काल रात्री आठ वाजता मी अभ्यास करत होतो.' 'आय वॉज स्टडिंग अॅट एट ओ-क्लॉक लास्ट नाइट.' आठच्या आधी अभ्यास सुरू झाला असेल, आठनंतरही चालला असेल. आठच्या ठोक्याला तो मध्यावर होता, एवढेच सांगायचे आहे.

दुसरा, एक काम चालू असताना दुसरे येऊन आदळले, हे सांगणे. लांब चालणारे काम चालू भूतकाळात, आणि मध्येच आलेली घटना साध्या भूतकाळात. 2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला. भंडारा शहरातल्या कितीतरी वस्त्या पाण्याखाली गेल्या, ते तुम्हाला मी सांगावयास नको. समजा, त्या पुरात घरात पाणी शिरलेल्या एखाद्या कुटुंबाला आपली हकीकत इंग्रजीत लिहावयाची आहे. 'वी वेअर स्लीपिंग व्हेन द वॉटर केम इन', म्हणजे पाणी शिरले तेव्हा आम्ही झोपेत होतो. हेच कोणी 'वी स्लेप्ट व्हेन द वॉटर केम इन' असे लिहिले, तर वाचणारा समजेल की पाणी आत आले आणि मग ही मंडळी निवांत झोपली! हसू येते खरे, पण ज्याचे धान्य भिजले, त्याने असे लिहिले तर हसण्यावारी जाणार नाही. उलट, 'व्हेन द वॉटर केम इन, वी रॅन टू द रूफ' हे मात्र बरोबर आहे. येथे पाणी आले आणि त्यानंतर आम्ही छपराकडे धावलो, असा क्रम आहे. तेव्हा नुसता 'व्हेन' पाहून काळ ठरवू नका. काम आधीपासून चालू होते की नंतर घडले, हे पाहा.

तिसरा, दोन कामे एकाच वेळी चालू होती, हे सांगणे. 'अम्मी बिड्या वळत होती आणि मी वाचत होतो.' 'व्हाइल माय मदर वॉज रोलिंग बिडीज, आय वॉज रीडिंग.' 'व्हाइल' म्हणजे ज्या वेळात.

येथवर सर्व पुस्तकांत आहे. आता जे सांगतो, ते पुस्तकात सहसा आढळत नाही, आणि तेच सांगण्यासाठी मी आज आलो.

आपल्या मुलांच्या डोक्यावर तीन भाषांचे ओझे आहे, असे पालक मला नेहमी म्हणतात. घरी उर्दू किंवा आपली इकडची हिंदी, बाहेर मराठी, आणि शाळेत वर इंग्रजी. काही घरांत तर मुलांशी उर्दू बोलणेच बंद केले आहे, म्हणजे इंग्रजी चांगले येईल अशी आशा. मला याचे वाईट वाटते. ज्या घरात किल्ली आहे, त्या घराने किल्ली विहिरीत टाकून कुलूप फोडायला बसावे, तसे हे आहे.

कसे, ते पाहा. मराठीत 'मी शाळेत जात होतो' या एका वाक्यातून दोन अर्थ निघतात. एक : लहानपणी मी रोज त्या शाळेत जात होतो. दुसरा : काल मी शाळेत जात होतो, तेव्हा वाटेत सायकल पंक्चर झाली. पहिली सवय आहे, दुसरे मध्यावरचे काम आहे. मराठीत सवयीसाठी 'जात असे' किंवा 'जायचो' अशी वेगळी रूपे आहेत आणि व्याकरणात त्याला रीती भूतकाळ म्हणतात. पण रोजच्या बोलण्यात 'जात होतो' दोन्हीकडे चालून जाते. इंग्रजीत तसे चालत नाही. सवय असेल तर 'आय वेंट' किंवा 'आय यूज्ड टू गो', आणि मध्यावरचे काम असेल तरच 'आय वॉज गोइंग'. म्हणून मराठीवरून भाषांतर करणारा मुलगा आजोबांविषयी लिहितो, 'माय ग्रँडफादर वॉज गोइंग टू तुमसर एव्हरी वीक', आणि गुण गमावतो.

आता हेच घरच्या भाषेत म्हणा. सवय असेल तर 'मैं जाता था'. मध्यावरचे काम असेल तर 'मैं जा रहा था'. दोन वेगळी रूपे, आणि त्यांत तुमचे चार वर्षांचे मूलही गोंधळत नाही. 'दादा हर हफ्ते तुमसर जा रहे थे' असे कोणते मूल म्हणेल? ते 'जाते थे' असेच म्हणेल. उर्दूच्या जुन्या व्याकरणांत या दोन्ही रूपांना बहुधा 'माजी इस्तमरारी' या एकाच नावाखाली ठेवलेले असते, पण जीभ त्यांना वेगळे ठेवते. हा 'माजी' शब्द मराठीलाही परका नाही. आपल्या जिल्ह्यातल्या मामा तलावांचे पूर्ण नाव माजी मालगुजारी तलाव. त्यातला माजी आणि व्याकरणातला माजी एकच, अर्थ 'होऊन गेलेला'.

तेव्हा नियम असा. वाक्य मनात घरच्या भाषेत म्हणून पाहा. 'रहा था', 'रही थी', 'रहे थे' सहज आले, तर इंग्रजीत 'वॉज' किंवा 'वेअर' आणि 'इंग'. 'जाता था', 'करती थी', 'रहते थे' असे आले, तर साधा भूतकाळ किंवा 'यूज्ड टू'. 'हम पवनी में रहते थे', तर 'वी लिव्ड इन पवनी'. 'अब्बा खेत देख रहे थे', तर 'फादर वॉज लुकिंग अॅट द फील्ड'.

ही किल्ली आणखी एक काम करते. 'आय वॉज नोइंग', 'आय वॉज हॅविंग टू ब्रदर्स', 'आय वॉज वॉन्टिंग' या चुका आपल्याकडे सर्रास होतात. घरच्या भाषेत म्हणून पाहा. 'मैं उसे जान रहा था' कोणी म्हणत नाही, 'जानता था' म्हणतो, म्हणून 'आय न्यू हिम'. 'मेरे दो भाई थे' यात 'रहा' येतच नाही, म्हणून 'आय हॅड टू ब्रदर्स'. 'मैं पानी चाहता था', म्हणून 'आय वॉन्टेड वॉटर'. जाणणे, असणे, हवे असणे या स्थिती आहेत. स्थितीला सुरुवात-मध्य-शेवट असा कामासारखा मध्य नसतो, म्हणून बहुधा 'इंग'ही लागत नाही.

मात्र कोणतीही किल्ली सर्व कुलपांना लागत नाही. चार ठिकाणी सावध राहा.

एक : बसणे, उभे राहणे, कपडे घातलेले असणे. आपण 'वो बैठा था', 'तो बसला होता' म्हणतो, 'रहा' आणत नाही. इंग्रजीत मात्र 'ही वॉज सिटिंग', 'ही वॉज स्टँडिंग', 'शी वॉज वेअरिंग अ ग्रीन दुपट्टा'. कारण त्या क्षणी बसणे चालूच होते.

दोन : दिसणे, ऐकू येणे, वाटणे. 'नदी दिख रही थी' यात 'रही थी' आहे, पण इंग्रजीत 'वी कुड सी द रिव्हर'. 'मुझे लग रहा था' यासाठी 'आय फेल्ट' किंवा 'इट सीम्ड टू मी'.

तीन : 'से' किंवा 'पासून'. 'मैं दो घंटे से इंतजार कर रहा था' येथे 'आय वॉज वेटिंग' अपुरे पडते. 'आय हॅड बीन वेटिंग फॉर टू अवर्स' म्हणावे लागते. 'से' कानावर पडला की थांबा, हे दुसरे घर आहे.

चार : मागे कोणी काम करत होते ही कायमची हकीकत. 'ते कारखान्यात काम करत होते' हे उर्दूत 'काम करते थे', म्हणून 'ही वर्क्ड'. येथे किल्ली बरोबरच चालते, पण मराठी वाक्य वाचून घाई केली की चूक होते, म्हणून वेगळे सांगितले.

आणखी एक पथ्य. सर्व गोष्ट चालू भूतकाळात सांगू नका. ओळीने घडलेल्या घटना साध्या भूतकाळातच येतात : उठलो, वजू केले, चहा घेतला, निघालो. चालू भूतकाळ हा स्वयंपाकातल्या मिठासारखा आहे. इंग हे शेपूट जागोजागी लावण्याची आपली भारतीय सवय इतकी प्रसिद्ध आहे की मुंबईचे इंग्रजी कवी निसिम इझिकेल (1924–2004) यांनी तिच्यावर गमतीदार कविता लिहिल्या. स्वतः इझिकेल महाराष्ट्रातल्या बेने इस्रायली समाजातले. म्हणजे थट्टा घरातल्याच माणसाने केली, तेव्हा तीवर हसावे आणि सुधारावे.

आणि लाज मुळीच बाळगू नये. इंग्रजांनाही हा काळ आयता मिळालेला नाही. त्यांच्या भाषेत तो शतकानुशतके हळूहळू वाढला. आज 'घर बांधले जात होते' यासाठी 'द हाउस वॉज बीइंग बिल्ट' म्हणतात. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ते 'द हाउस वॉज बिल्डिंग' असे म्हणत, आणि नवी रचना आली तेव्हा तिला नावे ठेवणारेही निघाले. जी गोष्ट बसवायला त्यांना इतका काळ लागला, ती बसवायला आपल्या मुलाला चार महिने लागले तर बिघडले कोठे?

शेवटी माता-पित्यांसाठी. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले. आमच्या वेळी ते पाचवीपासून होते, आणि येथे बसलेल्या कित्येक भगिनींच्या वाट्याला पाचवी आलीच नाही. 'आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही मुलांना काय शिकवणार,' असे त्या म्हणतात. मी सांगतो, हा एक धडा तुम्हीच शिकवू शकता, कारण 'रहा था' आणि 'ता था' यांतला भेद मास्तरांइतकाच तुम्हालाही ठाऊक आहे.

रात्री दस्तरखानावर रोज एक प्रश्न विचारा. 'जब बिजली गई, तब तुम क्या कर रहे थे?' 'अजान हुई तब आपा क्या कर रही थी?' मुलाने उत्तर इंग्रजीत द्यावे. तुम्हाला अर्थ कळला नाही तरी हरकत नाही. तुम्ही फक्त दोन आवाज ऐका : आधी 'वॉज' किंवा 'वेअर', आणि शेवटी 'इंग'. एकच ऐकू आला तर म्हणा, 'बेटा, एक बैल छूट गया.' दुसऱ्या दिवशी उलटा प्रश्न विचारा : 'दादा क्या काम करते थे?' या उत्तरात 'इंग' ऐकू आला, तर लगेच टोका. महिनाभर असे करा. यासाठी शिकवणीची फी नाही, पुस्तक नाही, वीज गेली तरी अडत नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी पाच वाक्ये देतो. उत्तरे खाली आहेत, पण हात ठेवून झाका. (1) बाया रोवणी करत होत्या, तेवढ्यात पाऊस आला. (2) माझे आजोबा डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीत काम करत होते. (3) गाडी आली तेव्हा मी वरठीच्या फलाटावर उभा होतो. (4) मला उत्तर ठाऊक होते. (5) घंटा वाजली तेव्हा आम्ही वर्गात गेलो.

आता ताडून पाहा. (1) 'द विमेन वेअर प्लांटिंग राइस व्हेन द रेन केम.' (2) 'माय ग्रँडफादर वर्क्ड इन द मँगनीज माइन अॅट डोंगरी बुजुर्ग', कारण 'काम करते थे'. (3) 'आय वॉज स्टँडिंग ऑन द प्लॅटफॉर्म अॅट वरठी व्हेन द ट्रेन केम', येथे किल्ली लागत नाही, पहिली सावधगिरी आठवा. (4) 'आय न्यू द आन्सर', कारण 'जानता था'. (5) 'व्हेन द बेल रँग, वी वेंट इंटू द क्लासरूम', कारण घंटेनंतर जाणे झाले.

मित्रहो, त्या अर्जाकडे परत जातो. त्या दिवशी मी इंग्रजीत कच्चा होतो म्हणून चुकलो, असे मला बरीच वर्षे वाटत असे. तसे नव्हते. 'वॉज क्रॉसिंग' ही रचना मला येत होती, परीक्षेत तिचे गुणही मिळाले होते. मी चुकलो, कारण आपा बोलत होती ते मी नीट ऐकले नाही. ती शाळेत गेलेली नव्हती. तरी 'पार कर रहे थे' हे तिने अचूक सांगितले होते. मला वाटले, हिचे रडके बोलणे बाजूला ठेवावे आणि ऐटबाज इंग्रजी लिहावे. अर्जाला जे हवे होते, ते तिच्याच वाक्यात होते.

म्हणून इंग्रजी जरूर शिका, जिद्दीने शिका. कचेरीत, दवाखान्यात, विम्याच्या कागदावर, नोकरीच्या मुलाखतीत ते लागणारच आहे. पण लिहायला बसाल तेव्हा घरातले माणूस काय सांगते आहे, ते आधी पूर्ण ऐका, त्याच्या भाषेत ऐका, आणि मग कागदाला पेन लावा.